माठातले झिंगे

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सायकल चालवत नसत, सायकलीबरोबर चालत. सायकल धडधाकट होती. घंटी वाजायची, ब्रेक लागायचे, मागे सामानाला कॅरिअरही होतं. तरी वडीगोद्रीहून आमच्या गावापर्यंतचे चार मैल ते तिला म्हशीसारखं हाताने धरून आणत. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, चेन तुटली असेल. तसं विचारलंही.

"चेन बराबर आहे बाई," ते म्हणाले. "पण वर बसलं की खालचं दिसत न्हाई."

खालचं म्हणजे मुंग्यांच्या रांगा, शेणकिडे, गाडीवाटेच्या चाकोरीत साचलेलं पाणी आणि त्या पाण्यात वळवळणारं जे काय असेल ते. त्यामुळे शाळेत किती वाजता पोचायचं हे त्या दिवशी रस्त्यात कोण भेटलं यावर ठरायचं. हेडमास्तरांनी एकदा उशिराचं कारण लेखी मागितलं. सरांनी लिहून दिलं, 'विंचवीण पाठीवर पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती. ती ओलांडेपर्यंत थांबलो.' हेडमास्तरांनी तो कागद मला दाखवला आणि विचारलं, "बाई, हे फायलीला लावू की फाडू?" मी म्हटलं, लावा. आमच्या फायलींमध्ये वाचण्यासारखं तेवढंच काहीतरी होतं.

मी जालन्याची. तेव्हा जालना हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होतो. वय तेवीस, मराठी शिकवायला नेमणूक, जीभ तिखट आणि आपल्याला सगळं कळतं याची पक्की खात्री. ही खात्री अजूनही बऱ्यापैकी शाबूत आहे. तिला तडा गेला तो एकदाच, आणि तो या सरांच्या पायी. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे.

सर पंचेचाळिशीचे असतील. उंच, वाळलेले, पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि खिशात चष्म्याच्या जागी भिंग. बोलताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या कॉलरवरच्या ढेकणाकडे पाहत. त्यांचा एक प्रश्न अख्ख्या स्टाफरूमच्या मुळावर उठला होता: "तुम्ही पाहिलं का?" कोणी म्हणावं, अमक्याची बदली झाली म्हणे. "तुम्ही पाहिलं का?" तमक्याच्या सुनेचं माहेरच्यांशी पटत नाही. "तुम्ही पाहिलं का?" नाही म्हटलं की सर मान हलवून पुन्हा वहीत डोकं घालायचे आणि सांगणाऱ्याची सगळी मजा जायची. ते स्टाफरूममध्ये असले की आम्ही नाइलाजाने पेपर तपासत बसायचो.

मार्क देण्याची तऱ्हाही अशीच. नववीच्या परीक्षेत त्यांनी कांद्याची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि दिसेल ते काढा म्हणाले. सगळ्या वर्गाने पुस्तकातली विटांच्या भिंतीसारखी आकृती काढली. एका मुलीने मात्र नुसतं एक मोठं काळं कडं काढलं. सरांनी तिला दहापैकी दहा दिले आणि बाकीच्यांना चार-चार. मी चिडून विचारलं, हा काय न्याय? सर म्हणाले, "काचेखाली हवेचा बुडबुडा आल्ता बाई. मीच ठेवल्ता. तो तिनं एकटीनं पाहिला. बाकीचे पुस्तक पाहून राह्यले होते."

आणखी एक खोड म्हणजे त्यांचा पाण्याचा तांब्या. फिरकीच्या झाकणाचा, पितळी, आतून कल्हई केलेला. तो रोज घरून भरून आणत, सायकलीच्या हँडलला अडकवत आणि दिवसभर त्यातलंच पाणी पीत. स्टाफरूमच्या कोपऱ्यात तिवईवर आमचा माठ होता, पाणी गार असायचं. उन्हातून चालत आलेला माणूस त्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मी एकदा थट्टा केली, "सर, आमच्या माठात काय किडे आहेत का?"

"पाहिले न्हाईत," सर म्हणाले आणि हसले. मीही हसले. विक्षिप्तपणाच्या यादीत मी आणखी एक ओळ वाढवली.

पण सरांचं खरं प्रकरण होतं ती प्रयोगशाळेतली काचेची पेटी. तीन फूट लांब, दीड फूट उंच. लोखंडी पट्ट्यांची चौकट अंबडच्या लोहाराकडून करून घेतलेली, काचा खिडकीच्या, आणि सांधे भरले होते ते सरांनी स्वतः जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेल्या लांबीने. तिच्यात तळाला ओढ्याची वाळू, थोडं शेवाळ आणि झिंगे. हे झिंगे म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, काचेसारखे आरपार. प्रथम पाहणाऱ्याला पेटी रिकामीच वाटायची. थोडा वेळ थांबलं की आधी डोळ्यांचे काळे ठिपके दिसायचे, मग मिशा, मग सगळं पाणीच हलतं आहे असं वाटायचं.

ते तिथं आले बहात्तरच्या दुष्काळात. गावाखालच्या ओढ्यात एक डोह होता. तो कधी आटलेला कोणाच्या आठवणीत नव्हता. त्या वर्षी तो आटत आटत घंगाळाएवढा उरला. शेजारीच दुष्काळी कामावर बायाबापड्या खडी फोडत होत्या. अशा वेळी सर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि चहाच्या गाळणीने झिंगे वेचू लागले. मी काठावर छत्री धरून उभी होते, कारण एकट्याने गेलो तर लोक वेडा म्हणतील, असं म्हणून त्यांनी मला सोबत नेलं होतं. लोक दोघांनाही म्हणाले.

खडी फोडणारी एक म्हातारी ओरडली, "सर, एवढ्याशा झिंग्याचं कालवण व्हईल का?"

"कालवण न्हाई मावशी, बियाणं हाय," सर म्हणाले. "डोहात पाणी आलं की पेरायचं."

म्हातारीने हातोडा खाली ठेवला. "बियाणं हाय व्हय," ती शेजारणीला म्हणाली आणि तिथून पुढं कोणी हसलं नाही. खायला दाणा नसला तरी बियाण्याचं गाडगं कोणी फोडत नाही, हे त्या बायकांना सांगायची गरज नव्हती. मला मात्र होती. मी जालन्याच्या घरात वाढलेली, आमच्याकडे धान्य पोत्याने यायचं.

शाळेत परतल्यावर मी म्हटलं, "सर, पाऊस पडला की गोदावरीतून येतीलच की नवे."

"येतील. पण कधी येतील ते मी पाहिलं न्हाई. हे पाहिलेत."

सगळे मिळून साठावर भरले. काही माद्यांच्या पोटाखाली अंड्यांचा हिरवट घोस होता. सर ती पेटी पाण्याने काठोकाठ भरलेली ठेवत, आणि त्या वर्षी पाणी म्हणजे सोनं. शाळेच्या विहिरीला कुलूप होतं, दिवसाला मोजक्या बादल्या निघत, त्या पिण्यासाठी. पेटीत आटेल तेवढं पाणी सर आपल्या घरून कॅनमध्ये आणून घालत. सायकल खरी ओझं वाहायची ती तेव्हापासून.

एप्रिलमध्ये सरांना दहा दिवस बोर्डाचे पेपर तपासायला औरंगाबादला जायचं होतं. जाण्यापूर्वी त्यांनी पेटी माझ्यावर सोपवली. दोन कॅन भरून ठेवले आणि म्हणाले, "आटेल तेवढंच घालायचं, पण वरच्या रेघेपर्यंत पाणी पाहिजे म्हंजे पाहिजे. कमी पाणी झिंग्याला चालतं बाई, लांबीला चालत न्हाई."

मी मान डोलावली. लांबीला काय चालत नाही याचा विचार माझ्या डोक्यात क्षणभरही आला नाही.

आता मी काय केलं ते सांगते. मी केस धुतले. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते, आणि तीन आठवडे त्यांना पाणी लागलं नव्हतं. डोकं इतकं खाजायचं की फळ्यावर लिहिताना दुसरा हात डोक्यात असायचा. दुपारची शाळा सुटल्यासारखी शांतता, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याजवळ आणि समोर बारा बादल्या स्वच्छ पाणी, तेही नखाएवढ्या प्राण्यांसाठी! मी पातळाचा पदर गाळणीसारखा धरून दोन बादल्या काढल्या. शिकेकाईने न्हाले. इतकं सुख मला पुढे लग्नात न्हायला बसवलं तेव्हाही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काढलंच आहे तर दोन पातळंही धुऊन टाकावीत. तिसऱ्या दिवशी घरमालकीण काकूंना एक बादली दिली. पेटी निम्मी झाली. झिंगे मजेत होते. मी स्वतःला म्हटलं, बघ, सर उगाच बाऊ करतात.

आठव्या दिवशी पत्र आलं की दिपोटीसाहेब तपासणीला येणार. डेप्युटी एज्युकेशन इन्स्पेक्टरला आमच्याकडे सगळे दिपोटी म्हणत. तारीख नेमकी सर परत येण्याची. तपासणी आहे म्हटल्यावर हेडमास्तरांनी पेटीसाठी विहिरीचं कुलूप उघडू दिलं. आदल्या संध्याकाळी मी पेटी वरच्या रेघेपर्यंत भरली, काच पुसली आणि समाधानाने घरी गेले. आठवडाभर उन्हाच्या झळा खाऊन वरची लांबी वाळून तडकली होती, हे मला कुठून कळणार?

सकाळी साडेसहाला मी साहेबांसाठी पिण्याचं पाणी घेऊन शाळेत आले. माझी तांब्याची घागर होती, आईने नोकरीला निघताना दिलेली. रात्री चिंचेने घासून अशी लखलखीत केली होती की तीत तोंड दिसावं. प्रयोगशाळेचं दार उघडलं तर फरशीवर पाणी. चौकटीच्या एका कोपऱ्यात वाळलेली लांबी पापुद्र्यासारखी सुटली होती. वरून आलेल्या पाण्याच्या भाराने तो सांधा खालपर्यंत उकलला होता. पेटीत बोटभर पाणी उरलं होतं, आणि त्या बोटभर पाण्यात सगळे झिंगे एकमेकांवर चढत होते.

मी काही रडत बसणारी नव्हे. धावत गेले, स्टाफरूममधली चहाची गाळणी आणली आणि गाळणीच्या दोन-चार फेऱ्यांत दिसले तेवढे झिंगे उचलून माझ्या घागरीत सोडले. घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं, देवाला चालेल असं पाणी. वरून पदर बांधला. मग सरांची वाट पाहत बसले. मनातून मला माझं कौतुकच वाटत होतं. सरांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं: लोहाराचं काम कच्चं होतं.

सर साडेनऊला आले. फरशी पाहिली, पेटी पाहिली. "झिंगे?"

"सगळे वाचवले," मी ऐटीत म्हटलं आणि घागरीवरचा पदर काढला.

मी त्यांचा चढलेला आवाज त्या एकाच दिवशी ऐकला. "तांबं! बाई, तांब्यात घातले? मोरचूद म्हंजे दुसरं काय असतंय? जल्दी करा, मातीचं आणा, मातीचं भांडं आणा!"

मोसंबीच्या बागेत बुरशी मारायला मोरचूद फवारतात हे मला माहीत होतं. ते तांब्यापासून होतं हेही शाळेत शिकले होते. पण तांब्याचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, एवढंच ऐकत मी लहानाची मोठी झाले. घागरीत वाकून पाहिलं. निम्मे झिंगे आडवे पडले होते. आरपार अंग दुधासारखं पांढरं झालं होतं. पाय अजून हलत होते.

मातीचं भांडं शाळेत एकच होतं. मी स्टाफरूममध्ये गेले, तिवईवरचा माठ उचलला, कमरेवर घेतला आणि घेऊन आले. मागोमाग हेडमास्तर आले. सरांनी बाह्या सरसावल्या होत्या. घागरीतला एक-एक झिंगा गाळणीवर घेऊन ते माठात सोडत होते आणि हात कोपरापर्यंत आत घालून पाणी हळूहळू ढवळत होते.

"सर, माठात तुम्ही हात..." हेडमास्तर म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "म्हणजे, झिंगे. साहेब येणार आहेत. पिण्याचं पाणी आहे ते."

सरांनी हात बाहेर काढला नाही. "पाच वर्षांपूर्वी मी ह्या तिवईवरच्या माठातून पाणी पिल्तो. दुसऱ्या दिवशी नवा माठ आला. पाहिलं मी. उद्या बी नवा आणा."

सरांचं घराणं छप्पन साली बौद्ध झालेलं, हे मला माहीत होतं. फिरकीचा तांब्याही मी रोज पाहत होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायची बुद्धी मला दीड वर्षात झाली नव्हती. उलट मी किड्यांवरून थट्टा केली होती. लाज वाटते म्हणतात ते काय असतं, हे मला त्या क्षणी कळलं. कानाच्या पाळ्या खरंच गरम होतात.

"बाई, गाळणी धरा," सर म्हणाले. मी धरली.

मग ते फरशीवर पालथे झोपले. पांढऱ्या कपड्यांनिशी. शहाबादी फरशीच्या सांध्यांत, कपाटाखाली, ओल्या गोणपाटाखाली भिंग लावून ते वाहून गेलेले झिंगे शोधू लागले. मीही पदर खोचून खाली बसले. गोणपाटाच्या घडीत सहा सापडले, तेही जिवंत. सर त्यांना बोट न लावता ओल्या शेवाळाच्या झुबक्यावर चढवून घेत. एवढ्यात बाहेर जीप थांबली.

दिपोटीसाहेब घामाने निथळत आत आले आणि पहिलं वाक्य बोलले, "आधी पाणी द्या हो."

हेडमास्तरांनी माठाकडे पाहिलं. माठात झिंगे. घागरीकडे पाहिलं. घागरीत मेलेले झिंगे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी विहीर आहे. सर शांतपणे उठले, गुडघे झटकले, हँडलवरचा तांब्या आणला, फिरकी सोडली आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी मान वर करून गटागटा सगळा संपवला. हेडमास्तरांच्या गळ्याची घाटी त्यांच्याबरोबर खालीवर होत होती.

"वा! पाणी गोड आहे. कुठलं?"

"माझ्या घरचं," सर म्हणाले.

साहेबांनी आणखी मागितलं. नव्हतं. पुढे त्यांनी प्रयोगशाळा पाहिली, रिकामी पेटी पाहिली आणि भर दुष्काळात आमच्या शेरेबुकात लिहून गेले, 'प्रयोगशाळेत ओल आहे. उपाय व्हावा.' नवा माठ मात्र दुसऱ्या दिवशी आला नाही. चार दिवसांनी हेडमास्तर स्वतः एक घेऊन आले, तिवईवर ठेवला, भरला आणि पहिला पेला सरांपुढे धरला. सरांनी पेला घेतला, उजेडात धरून भिंगातून पाहिला आणि प्यायले. सगळे हसले, हेडमास्तर सर्वांत जास्त.

पण मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. दुसऱ्या सकाळपर्यंत साठातले सतरा झिंगे उरले होते. अंडी असलेल्या माद्यांपैकी एकच. मेलेले सरांनी टीपकागदावर ओळीने मांडले, त्यांतल्या एकाचं चित्र काढलं आणि वहीत कारण लिहिलं: 'लांबी वाळली. नंतर तांबे.' कोणामुळे, ते लिहिलं नव्हतं. ती वही माझ्या टेबलाजवळ उघडी राहायची आणि मी मान दुसरीकडे करून बसायची. लोहाराचं नाव घेणं मला जमेना, माझं घेणंही जमेना. तीन दिवस मी नीट जेवले नाही. चौथ्या दिवशी, हेडमास्तरांचा माठाचा कार्यक्रम आटोपल्यावर, मी प्रयोगशाळेत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: केस, पातळं, काकूंची बादली.

सर वाळलेली लांबी चाकूने खरवडत होते. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. मध्यावर क्षाराची एक बारीक पांढरी रेघ होती. "पाणी हितपर्यंत उतरल्तं, आठ दिवस तरी. ते मला आल्याबरोबर दिसलं. आणि त्या दिवशी साऱ्या गावात धुतलेले केस एकट्या तुमचे होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला काढताना मी पाहिलं न्हाई."

मला रडू आलं. रागही आला, कारण त्यांनी मला ओरडायला हवं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. सर म्हणाले, "ओरडून सतराचे अठरा व्हतात का?" मग चाकू खाली ठेवला. "सुट्टी लागून राह्यली. मी लेकीच्या बाळंतपणाला परभणीला जाईन. माठ तुम्ही न्या."

"मी? पुन्हा मीच?"

"मंग कोण? ज्याच्या हातून गेले त्याच्याइतकं जपणारं दुसरं कोणी भेटणार न्हाई मला."

मी त्या सुट्टीत जालन्याला गेले नाही. आईने पत्र पाठवलं, पाहुणे बघायला येणार आहेत. मी उलट लिहिलं की माझ्याकडे सतरा जीव आहेत, पाहुण्यांना पुढच्या महिन्यात बोलवा. आईला वाटलं मी दुष्काळी छावणीवर काम करते आहे, आणि तिने गल्लीभर अभिमानाने सांगितलं. मी तो गैरसमज दूर केला नाही. काकू माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नसे. माठ त्यांनी उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही. ओसरीवर ठेवायला सांगितला. आठ दिवसांनी मी पाहिलं, तर माठाभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. "मुक्या जीवाला उन्हाचं तलखत असंल," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी न्हाई केलं." माझ्या वाटणीच्या पाण्यातला एक तांब्या रोज माठात जायचा. मी सकाळ-संध्याकाळ मोजायची. एकदा सोळाच भरले तेव्हा मी तासभर ओसरीवर रांगत होते, आणि सतरावा माठाच्या बुडाशी शेवाळात बसलेला होता. पंधरा दिवसांनी मोजणंच थांबवावं लागलं. त्या एका मादीने पिल्लं सोडली होती. पापणीच्या केसाएवढी.

पोळ्याच्या सुमारास ओढ्याचं गढूळ पाणी निवळलं आणि डोह भरला. माठ मीच नेला. सर काठावर उभे राहिले. मी म्हटलं, तुम्ही सोडा. "न्हाई," ते म्हणाले. "तुम्हीच." मी माठ पाण्यात कलता केला. क्षणभर काही तरी हललं आणि मग नुसतं पाणी. इतक्या महिन्यांनंतर ते असं एका क्षणात दिसेनासे झाले, की मला फसवल्यासारखं वाटलं. मी सरांना विचारलं, जगतील ना? त्यांनी खांदे उडवले. धीर द्यायला दोन शब्द बोलणं त्यांच्या अंगातच नव्हतं.

पुढचे चार-पाच महिने मी त्या डोहावर जायचं टाळलं. मेले असतील तर मला बघायचं नव्हतं. सरांनीही विषय काढला नाही. संक्रांतीनंतर एका रविवारी ते सकाळीच काकूंच्या दारात आले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, "बाई, चला."

डोहावर थंडी होती. पाणी तळापर्यंत दिसत होतं, आणि त्यात काहीही नव्हतं. सर म्हणाले, चपला काढा, आत उभ्या राहा, बिलकुल हलू नका. मी पातळ पोटरीपर्यंत धरून उभी राहिले. पाय बधिर झाले. मी म्हणणारच होते की पुरे, तेवढ्यात घोट्याला काहीतरी टोचलं, सुईच्या टोकाने हळूच खरवडावं तसं. मग टाचेला. मग दोन्ही पायांना. खाली पाहिलं तर माझ्या पायांभोवती काळ्या ठिपक्यांच्या जोड्या. दहा, वीस, किती तरी. एकीच्या पोटाखाली हिरवा घोस होता.

"सर," मी म्हटलं, "हे आपलेच का हो? की नदीतून आले?"

सर काठावर उकिडवे बसले. भिंग काढलं, बराच वेळ पाण्यात पाहत राहिले, मग भिंग न पुसताच खिशात ठेवलं.

"आपलेच," ते म्हणाले.

ते त्यांना कळण्याचा काहीही मार्ग नव्हता. मी तिथेच, पाण्यात उभी राहून, मोठ्याने रडले.